बॉलरूम नृत्य शिकवायला शिकायचंय : ठाणे-नवी मुंबईत राहून कसं जमवावं?

ऐरोलीकरीण

इथे गाणं, तबला, कथक, झालंच तर झुंबावरसुद्धा धागे आहेत. बॉलरूमवर शोधून काही सापडलं नाही म्हणून नवीन काढतेय. आधी असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगते.

काही वर्षं वॉल्ट्झ, चा चा चा, रुंबा, जाइव्ह शिकतेय. आधी वाशीला जायचे, आता ठाण्यात. नोकरी आयटीत. नाच बरा आहे असं सर म्हणतात, आणि सर तोंडावर कौतुक करणाऱ्यांतले नाहीत. गेले काही महिने बॅचमध्ये नवीन कुणी आलं की सर त्यांना माझ्याकडे ढकलतात, आणि खरं सांगायचं तर मला स्वतः नाचण्याइतकीच त्यात मजा येते. तर आता शिकवायचंच, तेही नीट शिकून, असं डोक्यात बसलंय. नोकरी लगेच सोडत नाहीये, आईला तसं लेखी दिलंय.

नेटवर बघावं तर एकीकडे ‘सहा आठवड्यांत सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर व्हा’, दुसरीकडे लंडनच्या संस्थांच्या परीक्षा, त्यांची लांबलचक नावं आणि पौंडातली फी. यातलं आपल्याकडे कामाचं काय? सर्टिफिकेट कुणी विचारतं का? शनिवार-रविवार करून हे जमतं का? आणि मोठी अडचण म्हणजे माझा पार्टनर बदली होऊन पुण्याला गेलाय. पार्टनरशिवाय ट्रेनिंग होतं का?

ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा. ज्यांनी केलेलं नाही तेही लिहितीलच.

खडूस

शेवटचं वाक्य आवडलं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

घोडबंदरी

मी ठाण्यात शिकवतो. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, दिवसा दुसरी नोकरी आहे.

पार्टनरचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, मी तिथूनच सुरू करतो. शिक्षक व्हायचं तर पार्टनर नसण्याचा फायदाच होईल, कारण आता तुम्हाला लीडरची, म्हणजे नाच पुढे नेणाऱ्याची बाजू शिकावीच लागेल; आजवर तुम्ही फॉलोअर, म्हणजे त्याच्या इशाऱ्याने नाचणाऱ्या. शिक्षकाला दोन्ही बाजू यायला हव्यात, पायाने आणि तोंडानेही.

वॉल्ट्झमधला नॅचरल टर्न घ्या. ब्रॉन्झ म्हणजे पहिल्या पातळीतली अगदी सुरुवातीची फिगर (पावलांचा ठरलेला तुकडा), सहा पावलं. फॉलोअर म्हणून तुम्ही तो झोपेतही कराल. आता खुर्चीत बसून सांगा : पहिल्या पावलाला लीडरचा कुठला पाय? उजवा, पुढे. आधी काय टेकतं? टाच, मग चवड्यावर. पहिल्या आणि दुसऱ्या पावलाच्या मध्ये तो किती वळतो? पाव गिरकी. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये? अष्टमांश. त्याच वेळी तुमचा डावा पाय मागे जातोय, म्हणजे तुम्ही वळणाच्या आतल्या बाजूला आहात, आणि तुम्ही पहिल्या-दुसऱ्या पावलातच तीन अष्टमांश वळून मोकळ्या होता. का? बाहेरच्याला लांबचा पल्ला मारायचा असतो, त्याचं वळण दोन तुकड्यांत होतं. आतल्याला जागाच कमी, त्याने पटकन वळून वाट द्यायची. पुढच्या तीन पावलांत तो आत, तुम्ही बाहेर, म्हणून पाव आणि अष्टमांश आता तुमच्या वाट्याला. शिवाय मागे जाणाऱ्याने पहिल्या पावलाला टाच उचलायची नाही, वर येणं फक्त अंगातून.

हे झालं एका फिगरचं. टेक्निकच्या पुस्तकात प्रत्येक फिगरला असे रकाने असतात : पावलांची जागा, अलाइनमेंट (हॉलच्या हिशेबाने पाय कुठल्या दिशेला), वळण किती, राइज अँड फॉल (वर येणं, खाली जाणं), फुटवर्क (टाच की चवडा), सीबीएम (पाऊल टाकणाऱ्या पायाकडे विरुद्ध बाजूचं अंग वळवणं), स्वे (अंगाचा कल). पुरुषाचा तक्ता वेगळा, बाईचा वेगळा. परीक्षेत स्वतः नाचून दाखवायचं, दोन्ही भूमिकांमधून, आणि मग समोर बसलेला परीक्षक यातलं काहीही विचारतो.

घोकंपट्टी वाटेल. पण वर्गात शिकणारा म्हणतो, ‘सर, इथे माझा तोल जातो.’ तुम्ही ‘अजून सराव करा’ म्हणालात तर तो पुढच्या महिन्यात येणार नाही. कारण दिसायला हवं. वॉल्ट्झमध्ये बहुतेक वेळा तिसऱ्या पावलाला पाय जुळल्यावर टाच खाली आलेलीच नसते, माणूस चवड्यावर उभा राहूनच पुढचं पाऊल टाकतो आणि समोरच्यावर जातो. हे तुम्हाला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं पाहिजे. त्यासाठी रकाने पाठ करायचे.

परीक्षांबद्दल रात्री लिहितो, आता क्लास आहे.

ऐरोलीकरीण

बाप रे. खुर्चीत बसून खरंच करून बघितलं. माझी पावलं सांगता आली, त्याची पहिल्या पावलानंतर बंद.

तलावपाळी

घोडबंदरी, राग मानू नका, पण एवढी अष्टमांश-षोडशांश करत बसलात तर पोरगी नाचायचं विसरेल.

मी ठाण्यातलाच, सेंट जॉन बाप्टिस्टच्या पॅरिशमधला. आमच्याकडे लग्न म्हटलं की नाच आलाच. ग्रँड मार्च, मग वॉल्ट्झ, मग जाइव्हला सगळा हॉल उठतो. मला वॉल्ट्झ आत्याने स्वयंपाकघरात शिकवला, फॉक्सट्रॉट मामाने. दोघांकडेही सर्टिफिकेट नव्हतं. बँड काय वाजवतोय ते ऐकायचं, कोपऱ्यात गर्दी दिसली तर तिकडे जायचंच नाही, आणि समोर कुणाची सासू आली तरी तिला दोन मिनिटांत आपल्याबरोबर नाचतं करायचं. हे येत असेल तो शिकवू शकतो.

हल्ली क्लासमधून शिकलेली जोडपी येतात. पाठ केलेला क्रम सुरू करतात आणि तो संपेपर्यंत कुणी आडवं आलं तरी थांबत नाहीत. ख्रिसमसच्या डान्सला अशाच एका जोडीचं कोपर माझ्या कानशिलावर बसलंय.

घोडबंदरी

काका, राग कसला. कोपराच्या बाबतीत शंभर टक्के अनुमोदन. क्रम पाठ करून देणारे शिक्षक मलाही चालत नाहीत. फिगर आणि फिगरची जोडणी वेगळी शिकवायला हवी, म्हणजे कोपरा आला, गर्दी आली की लीडर तिथल्या तिथे बदलतो. आणि फिरण्याची दिशा. प्रदक्षिणेच्या उलट, गरब्याचा घेर फिरतो तशी. हे पहिल्या दिवशी सांगितलं तरी निम्म्या धडका वाचतात.

पण आत्याने तुम्हाला एकट्याला शिकवलं, लहानपणी, रोजच्या रोज. माझ्यासमोर आठ जोडपी असतात, चाळिशीतली, आठवड्यातून दोनदा, आणि त्यातल्या निम्म्या नवऱ्यांना बायकोने ओढत आणलेलं असतं. तिथे ‘ऐक आणि कर’ चालत नाही, तुकडे करून द्यावे लागतात. हे सगळं लिहून काढायची गरजही अशीच पडली. आयएसटीडी (इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग) ही लंडनची संस्था १९०४ ची, पण तिची बॉलरूम शाखा १९२४ ची. गावोगावचे शिक्षक एकच नाच आपापल्या पद्धतीने शिकवत होते, म्हणून ठरवून एकसारखं केलं.

आता राहिलेलं. इंटरनॅशनल पद्धतीत दहा नाच. स्टँडर्डमध्ये वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप. लॅटिनमध्ये सांबा, चा चा चा, रुंबा, पासो डोब्ले, जाइव्ह. दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या, एकीने सुरुवात करायची. तुमचं लॅटिन जास्त झालेलं दिसतंय, तिथून करा. फॉक्सट्रॉटच्या नादी सुरुवातीला लागू नका. त्यात मूळ फिगरांना पाय जुळवून थांबायला जागाच नाही, चालतच राहायचं, आणि नवख्याचा सगळा कच्चेपणा तिथे उघडा पडतो.

शिक्षकांच्या परीक्षा घेणाऱ्या मुख्य ब्रिटिश संस्था दोन, आयएसटीडी आणि आयडीटीए (इंटरनॅशनल डान्स टीचर्स असोसिएशन). आयडीटीएत असोसिएट, लायसेन्शिएट, फेलो अशा पायऱ्या आहेत. आयएसटीडीतही वरचे टप्पे लायसेन्शिएट आणि फेलो हेच. परीक्षा इकडे कधी, कुठे होणार ते थेट संस्थेलाच मेल करून विचारा, मधल्या एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. अमेरिकन पद्धत वेगळी. तिथे स्मूथ आणि रिदम असे गट आहेत. स्मूथमध्ये जोडी हात सोडून वेगळी होऊ शकते, इंटरनॅशनल स्टँडर्डमध्ये होल्ड, म्हणजे एकमेकांना धरलेलं, सुटत नाही. आर्थर मरे, फ्रेड अ‍ॅस्टेअर या तिकडच्या स्टुडिओ-साखळ्या नवख्यांना नोकरीवर घेऊन शिक्षक म्हणून स्वतःच तयार करतात. क्रूझवर किंवा बाहेर नोकरी करायची असेल तर हे माहीत असावं. ठाण्यात शिकवायला एक पद्धत पक्की करा. दोन्हींची खिचडी शिकवणारे बरेच आहेत, आणि त्यांच्याकडून आलेल्यांची रुंबा सोडवताना माझा घाम निघतो.

पांचपाखाडी

सहा आठवड्यांच्या कोर्सबद्दल. माझ्या धाकट्या भावाने असा एक केला, नाव लिहीत नाही. शेवटी फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि हॉटेलात फोटो. कोर्सभर त्याने एकाही नवख्या माणसाला शिकवलं नव्हतं. सगळे ‘इन्स्ट्रक्टर’ एकमेकांनाच शिकवत होते. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा : मला खऱ्या बॅचवर उभं करणार का, आणि मी शिकवत असताना मागे बसून कोण बघणार?

घोडबंदरी

+१. याहून चांगली कसोटी नाही.

त्रिताल

धागा मस्त चाललाय. मी कथकवाली, गांधर्वची विशारद, बॉलरूम उत्साहापोटी शिकले. तोंडी परीक्षेचा बाऊ करू नका. ज्यांनी हाताने ताल धरून ठाह-दुगुन म्हटलीय त्यांना हे रकाने परके वाटणार नाहीत. आपल्याकडेही नाचणाऱ्याला पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, यावीच लागते.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण शिकवताना ती तुमच्यासमोर येणार. आपल्या कानाला समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची सवय आहे. आरती म्हणणारा, ढोलपथकातला, भजनाला टाळ धरणारा, सगळे समेवर येतात. वॉल्ट्झला याचा त्रास नाही, उलट फायदा. दादऱ्याच्या सहा मात्रा म्हणजे वॉल्ट्झचे दोन बार. धा धिं ना, धा तिं ना. वर लिहिलेल्या नॅचरल टर्नची सहा पावलं त्यावर सरळ बसतात. माझ्या ओळखीच्या एका काकांना ‘वन-टू-थ्री’ काही केल्या जमेना, दादरा म्हणायला लावला तर पहिल्याच तासात चालायला लागले. फक्त चौथी मात्रा आपण खाली म्हणून हलकी सोडतो, वॉल्ट्झमध्ये तिथे नवा बार सुरू होतो, म्हणून पाऊल पहिल्याइतकंच भरीव टाकायचं. तेवढं बजावावं लागतं.

खरी पंचाईत रुंबा आणि चा चा चामध्ये. इंटरनॅशनल रुंबात पाऊल दोनवर पडतं. दोन, तीन, चार, आणि चारचं पाऊल एकवर नुसतं मुरतं, कंबर बसते, पाय नवीन जागी जात नाही. चा चा चामध्ये ‘चार-अँड-एक’ असा शासे (तीन झटपट पावलं), म्हणजे समेवर आपण एक गोष्ट संपवतो आणि नवीन सुरू करतो दोनवर. समेची सवय असलेला माणूस दर खेपेला एकवरच उडी घेतो. त्याला ‘बीट ऐका’ सांगून उपयोग नाही, तो बीटच ऐकतोय! मी तिहाईचं, म्हणजे तीनदा म्हणायच्या तुकड्याचं उदाहरण देते. तिहाईचा शेवटचा धा समेवर पडतो ना, तसा चा चा चाचा शेवटचा ‘चा’ समेवर टाका आणि मग पुढचं बोला. ज्यांनी कधी टाळ्या वाजवल्यात त्यांना हे लगेच कळतं.

ऐरोलीकरीण

त्रिताल, दंडवत! आमच्या बॅचमधले एक जोशीकाका कायम एकवर सुटतात, तबला शिकलेले आहेत. आता कळलं.

घोडबंदरी, अमेरिकन रुंबा एकवर सुरू होते का?

घोडबंदरी

हो, स्लो-क्विक-क्विक, बॉक्समध्ये, पहिला स्लो एकवर. म्हणून तर खिचडी होते. त्रिताल, तिहाई ढापतोय, परवानगी असू द्या.

खडूस

पॉपकॉर्न संपले. खरा प्रश्न कुणी विचारत नाहीये तो मी विचारतो. आपल्या सोसायट्यांमधल्या बायका-पुरुषांना परक्या माणसाच्या मिठीत जाऊन नाचायला तुम्ही लावणार, आणि ते निमूट लावून घेणार? आमच्या बिल्डिंगमध्ये गरब्याला टाळी देताना लोक कुठे उभं राहायचं ते बघतात.

सानपाडा_से१०

खडूस, प्रश्न टोमण्यात गुंडाळलाय, पण चांगला आहे. मी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शिकवते, दोन्ही बाजू शिकवते, आणि माझा सुरुवातीचा सगळा वेळ यातच जातो.

पहिल्या तासाला होल्ड नाहीच. समोरासमोर, तळहाताला तळहात, हातभर अंतर. एक पुढे चालतो, दुसरा मागे, आणि दोघांमधला दाब सारखा ठेवायचा. ढकलायचं नाही, सोडायचं नाही. लीड म्हणजे काय हे यातच कळतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला होल्ड, तोही भाग सांगत : उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, कमरेवर नव्हे. बोटं जुळलेली. दोघं अगदी नाकासमोर उभे राहत नाहीत, प्रत्येक जण थोडा स्वतःच्या डावीकडे सरकलेला, म्हणजे नजर समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे जाते. सिनेमात दिसतं तसं डोळ्यांत डोळे घालून वॉल्ट्झ करता येत नाही, पायावर पाय पडतील. हे सांगितलं की निम्मी लाज तिथेच जाते.

पार्टनर बदलायला लावणं ऐच्छिक ठेवते. ज्यांना नवऱ्याबरोबरच नाचायचंय त्यांनी तसंच नाचावं, शिकण्याचा वेग कमी होतो एवढं सांगून ठेवते. आणि कुणाचीही पोज सुधारायला हात लावण्याआधी विचारते, दर वेळी, सगळ्यांसमोर मोठ्याने. ‘खांदा धरून दाखवू का?’ सुरुवातीला लोक हसतात, मग त्यांनाही सवय लागते आणि तेही एकमेकांना विचारायला लागतात. मुलांच्या बॅचला दार उघडं आणि पालक बसलेले, यात तडजोड नाही.

आमच्या सेक्टरमधलं एक पन्नाशीतलं जोडपं. काका सतत खाली पायाकडे बघायचे. मान खाली गेली की पाठ वाकते, पाठ वाकली की काकूंना मागे रेलावं लागतं. तीनदा सांगून झालं, फरक नाही. मग म्हटलं, काका, काकूंच्या खांद्यावरून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि वळून झालं की किती वाजले ते मला सांगा. घड्याळ पुढच्या वळणाला मागे गेलं तसे काका वैतागले, पण मान वरच राहिली. शिक्षक व्हायचं ट्रेनिंग म्हणजे असल्या युक्त्या दुसऱ्याच्या वर्गात मागे उभं राहून गोळा करणं, ऐरोलीकरीण. मी बरेच महिने फक्त सीडी लावायचं आणि हजेरी घ्यायचं काम केलंय. तेव्हा जे दिसलं ते नाचताना कधी दिसलं नव्हतं.

खडूस

ठीक आहे. उत्तर मिळालं. टोमणा मागे घेत नाही, पण.

तलावपाळी

सानपाडा, खांद्याच्या पात्याचं लिहिलंत ते बरं केलंत. आमची आत्या चुकून हात खाली आला तर लाटण्याने मारायची.

फिजिओ_नेरूळ

माझ्या पेशातलं थोडं. हॉल घेताना फरशी बघा. व्हिट्रिफाइड टाइल थेट काँक्रीटवर असते, तिला अजिबात लवचीकता नाही. विद्यार्थी तासभर नाचून घरी जातो, शिक्षक त्याच फरशीवर तीन-तीन बॅच घेतो. गुडघे, नडगी, चवड्याची हाडं, सगळं बोलायला लागतं. मुद्दाम बांधलेल्या बॉलरूमला खालून स्प्रिंग दिलेली लाकडी जमीन असते ती उगाच नाही. आपल्याकडे ती मिळणं कठीण, निदान खाली फोम असलेली लाकडी फ्लोअरिंग शोधा. आणि पूर्वी हॉलमध्ये पावडर शिंपडायचे तसं टाइलवर करू नका, ज्येष्ठांच्या बॅचला तर मुळीच नाही. मांडीचं हाड मोडलेली माणसं माझ्याकडेच येतात.

ज्येष्ठांवरून आठवलं. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ जणांवरचा अभ्यास आला होता. त्यात शारीरिक हालचालींपैकी फक्त नाचाचा संबंध डिमेन्शियाचा धोका कमी असण्याशी दिसला. हे निरीक्षण आहे, नाचल्यामुळेच धोका कमी झाला असं त्यावरून सिद्ध होत नाही. तेव्हा पत्रकावर ‘विसराळूपणा बरा होईल’ असं छापू नका. असं छापलेलं पाहिलंय म्हणून सांगतेय.

हिशेबनीस

पैशाचं कुणी लिहीत नाही म्हणून मी. कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टखाली नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते, ती पावती बँकेत खातं उघडायला लागते. प्रोफेशन टॅक्स वर्षाला २,५००. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की, तोवर झोप उडवून घेऊ नका. क्लासमध्ये रेकॉर्डेड गाणी वाजवत असाल तर पीपीएल आणि आयपीआरएस या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या परवान्याची चौकशी करा. लग्नसमारंभाला कायद्यात सूट आहे, क्लासला ती लागू नाही.

आणि हिशेब. समजा हॉल ताशी ६०० ने मिळाला, महिन्यात आठ तास, ४,८०० गेले. जोडप्यामागे १,५०० घेतले तर चौथं जोडपं आल्यावर तुम्ही जेमतेम फायद्यात येता. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत तीनच येतात, हेही धरा.

घोडबंदरी

हिशेब बरोबर. त्यात लग्नसराई घाला. ठाण्यात मला खरा आधार तिचाच : नवरा-नवरी, पाच-सहा तास, एका गाण्यावर एक नाच. मान खाली घालून करायचं काम नाही हे. बारा वर्षं कथक केलेली नवरी आणि आयुष्यात कधी न नाचलेला नवरा, यांना स्टेजवर उभं करायचं म्हणजे तुमच्या सगळ्या ट्रेनिंगचा कस लागतो. सिलॅबसमधल्या चार फिगर, दोन सोप्या पोज, आणि घागरा केवढा घेराचा आहे हे पहिल्याच दिवशी विचारायचं. घेर मोठा असेल तर नवऱ्याचा पाय दोघांच्या मध्ये जाणार कुठे? तिथे अंतर ठेवून नाचायला लागतं, आणि ते बंद होल्डपेक्षा अवघड आहे.

सर्टिफिकेट एकाही नवरीने विचारलेलं नाही. शाळांनी मात्र विचारलंय. क्लबनेही.

सानपाडा_से१०

मला तर सोसायटीच्या कमिटीनेच विचारलं. कशाचं आहे ते वाचलं नाही, लॅमिनेट केलंय का ते बघितलं.

दिघेकर

बाळबोध प्रश्न : हे ऑलिम्पिकमध्ये आहे का? मुलगी विचारतेय.

घोडबंदरी

नाही. डान्सस्पोर्टच्या जागतिक महासंघाला ऑलिम्पिक समितीची मान्यता १९९७ पासून आहे, पण २०२४ ला पॅरिसमध्ये त्यांच्यातर्फे आला तो ब्रेकिंग. स्टँडर्ड-लॅटिन अजून नाही. मुलीला स्पर्धा करायची असेल तर करू द्या, फक्त स्पर्धक आणि शिक्षक हे रस्ते पुढे वेगळे होतात. उत्तम स्पर्धक आणि वाईट शिक्षक अशी माणसं भरपूर पाहिलीत. स्वतःचं शरीर इतकं ऐकतं की दुसऱ्याचं का ऐकत नाही हेच त्यांना कळत नाही.

ऐरोलीकरीण

सगळ्यांना एकत्रच लिहितेय. सरांशी बोलले. ते म्हणाले, विचारायला एवढा वेळ का लावलास. पुढच्या महिन्यापासून नवख्यांच्या शनिवारच्या बॅचला असिस्टंट. पगार नाही, पण माझी फी माफ, आणि महिनाअखेर ते मागे बसून मला एक तास घ्यायला लावणार. लीडरची बाजू त्यांच्याचकडे वेगळी शिकणार. परीक्षा लॅटिनचीच, कधी ते अजून ठरवलं नाही. आधी वही. डावीकडे त्याची पावलं, उजवीकडे तिची, पाठ झाली की पान उलटायचं.

शंका दोन. लीड शिकताना मी माझेच अडीच इंची लॅटिन शूज घालू की सपाट? आणि सानपाडा, तुमच्या वर्गात एखाद्या रविवारी नुसतं मागे उभं राहायला आलं तर चालेल का? सीडी लावेन, हजेरी घेईन.

तलावपाळी

आमच्याकडेही ये. पॅरिश हॉलमध्ये ख्रिसमसच्या आधी सराव असतो. तिथे मात्र वही बाहेर ठेवायची.

घोडबंदरी

शूज : शिकवताना सपाट किंवा कमी टाचेचे प्रॅक्टिस शूज. दिवसभर उभं राहायचंय. पण लीडरच्या फिगर एकदा तरी दीड इंची क्यूबन हीलवर करून बघा, वजन कुठे पडतं ते कळेल. तळाला स्वेड (खरखरीत चामडं) असू दे आणि तारेचा ब्रश बॅगेतच ठेवा. टाइलवर स्वेड आठवड्याभरात गुळगुळीत होतो, ब्रश मारला नाही तर घसराल.

आणि लीड शिकताना पहिले काही आठवडे पुढची फिगर उशिरा सुचेल. फॉलोअरला ठरवायची सवय नसते. चालू फिगरच्या शेवटच्या पावलावर पुढची ठरलेली हवी. सुरुवातीला दोनच फिगर आलटून पालटून करा, तिसरी घेऊ नका.

सानपाडा_से१०

जरूर ये. व्यनि केलाय, पत्ता त्यात आहे. दहाला सुरू करतो, साडेनऊला आलीस तर खुर्च्या हलवायला हात लागेल. आणि निघण्याआधी ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक आहे का ते बघ. मागच्या वेळी माझे अर्धे विद्यार्थी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवरच अडकले होते.